नागरिकशास्त्रातील ‘वंश’ : सुरतेच्या निमित्ताने

भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात राज्याने नागरिकानागरिकांत ज्या कारणांवरून भेद करावयाचा नाही अशी पाच कारणे सांगितली आहेत : धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान. नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकास ही पाच पदे तोंडपाठ असतात आणि विद्यार्थ्यांकडूनही ती पाठ करून घेतली जातात. जात, धर्म आणि लिंग या शब्दांपाशी शिक्षक थोडा तरी थांबतो, एखादे उदाहरण देतो. जन्मस्थान या शब्दाचा अर्थ सुरतेसारख्या शहरात मुलांना न सांगताच कळतो. कारण वर्गातील कित्येकांचे आईबाप कामाच्या शोधात बाहेरून आलेले असतात. ‘वंश’ या शब्दापाशी मात्र सहसा कोणी थांबत नाही. फार तर दक्षिण आफ्रिकेचे किंवा अमेरिकेचे नाव घ्यावयाचे, नेल्सन मंडेलांविषयी दोन वाक्ये सांगावयाची आणि पुढच्या अनुच्छेदाकडे वळावयाचे, असा परिपाठ पडून गेला आहे. वंशभेद हा परक्यांचा रोग असून आपणांस त्याची बाधा नाही, असा समज यातून मुलांच्या मनात न बोलता रुजतो.

हा समज खरा नाही. आफ्रिकेतून येऊन या भूमीचे झालेले लोक आपल्या इतिहासात आहेत, आणि येथून आफ्रिकेत जाऊन तेथील वर्णद्वेषाशी झुंजलेलेही आहेत. या दोहोंच्या खुणा जेथे काही कोसांच्या परिसरात सापडतात असे गाव म्हणजे सुरत. तेथील मराठी शिक्षकास त्या अधिकच जवळच्या वाटाव्यात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. लिंबायत, उधना, दिंडोली या भागांतील मराठी शाळांत येणारी मुले बहुतांशी खानदेशातून आलेल्या कामगारांची. घरी अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, रस्त्यावर गुजराती व हिंदी, अशी त्यांची भाषिक घडण असते. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि पुणे ही दोन्ही शहरे एकाच मुंबई राज्यात होती. त्यानंतर वाटा वेगळ्या झाल्या. आज सुरतेतील मराठी मूल गुजरातने ठरविलेला अभ्यासक्रम मराठीतून शिकते, आणि घरी मात्र शिवचरित्राच्या गोष्टी ऐकते.

याच शहराच्या दक्षिण अंगास सचीन आहे. मुंबईच्या गाडीतून येताना लागणारे स्टेशन आणि तेथील औद्योगिक वसाहत एवढ्यापुरतेच हे नाव बहुतेकांस ठाऊक असते. २०२० मध्ये ते महानगरपालिकेच्या हद्दीतही आले. परंतु १९४८ पर्यंत सचीन हे एक संस्थान होते आणि त्याचे नवाब आफ्रिकी वंशाचे, सिद्दी होते. ते येथे कसे आले याचे उत्तर मराठी वाचकाच्या ओळखीच्या ठिकाणी, कोकण किनाऱ्यावर, सापडते.

मुरुडजवळचा जंजिरा सिद्दींच्या ताब्यात होता आणि भोवतालच्या मुलखास ‘हबसाण’ असे नाव पडले होते. हबश म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया, त्यावरून हबशी. सिद्दी हा शब्द ‘सय्यदी’ म्हणजे ‘माझे धनी’ या आदरार्थी अरबी संबोधनाशी जोडला जातो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जंजिऱ्याच्या सिद्दींनी मोगलांच्या आरमाराचे काम पत्करले आणि त्या आरमाराचा खर्च सुरतेच्या उत्पन्नातून चालू लागला. म्हणजे जंजिऱ्याचा पगार सुरतेत मिळत असे. पुढे सिद्दींचे सुरतेतील बळ इतके वाढले, की १७५९ मध्ये इंग्रजांनी तापीकाठचा किल्ला घेतला तेव्हा तो सिद्दींच्याच हाती होता. १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या अब्दुल करीमखान ऊर्फ बाळूमिया सिद्दी याने पेशव्यांशी करार केला. जंजिऱ्यावरील आपला हक्क त्याने सोडावा आणि त्याच्या बदल्यात सुरतेजवळचा मुलूख घ्यावा, असा तो करार होता. जंजिरा पेशव्यांस कधीच मिळाला नाही. सचीनचे संस्थान मात्र उभे राहिले. पुण्याच्या दरबारात झालेल्या एका कराराने आफ्रिकी वंशाचे एक राजघराणे गुजरातेत वसले, ही गोष्ट सुरतेतील किती मराठी मुलांच्या कानांवर जात असेल?

या इतिहासाला दुसरी, अंधारी बाजूही आहे. तांबड्या समुद्राच्या मार्गाने येणाऱ्या जहाजांतून मसाल्यांबरोबर आणि हस्तिदंताबरोबर माणसेही विकावयास येत. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इथिओपियाच्या सम्राटाने औरंगजेबाकडे पाठविलेले एक शिष्टमंडळ शहरात होते आणि त्याच्या सामानाचा बराच भाग त्या धामधुमीत गेला, असे फ्रेंच प्रवासी बर्नियर याने लिहून ठेवले आहे. बादशहासाठी आणलेल्या नजराण्यात हस्तिदंत होता, झेब्र्याचे कातडे होते आणि गुलामही होते. सुरतेच्या लुटीचा पाठ महाराष्ट्रात शिकविताना आपण महाराजांचा पराक्रम पाहतो, गुजरातेत शिकविताना व्यापाऱ्यांचे हाल पाहतो. त्या दोन्ही पाठांत त्या गुलामांस जागा नसते. ते कोणाच्याच बाजूचे नव्हते.

आता शाळेतील इतिहासाकडे वळू. महाराष्ट्रात १९७० पासून चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकून अनेक पिढ्या मोठ्या झाल्या. त्या चरित्रात सिद्दी येतो तो पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर म्हणून, आणि नंतर न हटणारा जंजिऱ्याचा शत्रू म्हणून. (हे दोन सिद्दी एकच, असा अनेक मुलांचा समज असतो. वस्तुतः जौहर हा विजापूरचा सरदार होता आणि त्याची जहागीर दक्षिणेस कर्नूलकडे होती; जंजिऱ्याशी त्याचा संबंध नव्हता.) यात खोटे काही नाही. सिद्दी शत्रू होते, म्हणून ते शत्रू म्हणून यावेत हे योग्यच. पण १६६० च्या त्याच पन्हाळ्याच्या प्रसंगी सिद्दी हिलाल हा शिवाजी महाराजांच्या बाजूने सिद्दी जौहराशी लढला, त्याचा मुलगा त्या लढाईत शत्रूच्या हाती सापडला, हे आपण सांगतो काय? सिद्दी दोन्ही बाजूंस होते, आणि कोणी कोणत्या बाजूस उभे राहावयाचे हे त्यांच्या कातडीच्या रंगावरून ठरत नव्हते. त्याआधीच्या पिढीत तर इथिओपियात जन्मलेला आणि अनेकदा विकला गेलेला एक गुलाम निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला होता. त्या मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसविली, जमीनमहसुलाची नवी घडी बसविली, पाण्याचे नहर आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. मराठ्यांच्या उदयाचा इतिहास या हबशी माणसावाचून सांगताच येत नाही.

इतके असूनही ‘हबशी’ हा शब्द मराठी बोलण्यात कोणत्या अर्थाने उरला आहे, हे भाषेच्या अभ्यासकांस सांगावयास नको. काळ्यासावळ्या मुलास वर्गात चिडविण्याचा तो शब्द आहे. विठ्ठलास काळा म्हणताना ज्यांच्या जिभेवर माधुर्य येते, तेच लोक मुलीच्या लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द घालण्यास विसरत नाहीत. असो. सांगावयाचे एवढेच, की शब्दाचा हा प्रवास देशवाचकापासून शिवीपर्यंत झाला आणि त्याची नोंद ना भाषेच्या तासाला होते, ना इतिहासाच्या, ना नागरिकशास्त्राच्या.

नागरिकत्वाच्या शिक्षणाविषयीच्या धोरणातील मुख्य दोष मला येथे दिसतो. महाराष्ट्रात इतिहास आणि नागरिकशास्त्र एकाच पुस्तकात बांधलेले असतात. गुजरातेत सामाजिक विज्ञानाच्या पुस्तकात ते भूगोलासह एकत्र नांदतात. मुखपृष्ठ एक असले तरी आतली भिंत कायम आहे. पूर्वार्धात मूल ‘आपले’ आणि ‘परके’ यांची ओळख करून घेते. उत्तरार्धात त्याला सांगितले जाते की सर्व नागरिक समान आहेत. पूर्वार्धातील परका हाच उत्तरार्धातील नागरिक आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. परीक्षेत दोन्ही प्रश्नांना पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी त्या दोहोंतील विसंगती घेऊनच शाळेबाहेर पडतो.

धोरणे उदार नव्हती असे नाही. १९५२–५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने लोकशाही नागरिकत्वाची जोपासना हे शिक्षणाच्या अग्रगण्य उद्दिष्टांपैकी एक मानले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर नागरिकशास्त्र या विषयाचे मूळच तपासले. राजनिष्ठ प्रजा घडविण्यासाठी इंग्रजी अमदानीत हा विषय आला, असे सांगून त्याच्या जागी राज्यशास्त्राची योजना करावी, असे त्याने सुचविले. त्यानंतर निघालेल्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकांत सहावीच्या मुलांना विविधता आणि भेदभाव यांवर पाठ मिळाला, आणि दहावीच्या पुस्तकात १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये काळे हातमोजे घातलेली मूठ उंचावणाऱ्या दोन अमेरिकी धावपटूंची हकीगत आली. लोकशाही आणि विविधता या नावाचा तो दहावीचा पाठ अभ्यासक्रमाचा भार हलका करण्याच्या निमित्ताने २०२२–२३ मध्ये वगळण्यात आला. भार हलका करावा हे मान्य. पण वजन कमी करताना नेमके हेच पान का हातास लागावे, हे समजत नाही.

आंतरराष्ट्रीय क्षेत्रातील आपले बोलणे याहून कितीतरी ठाम राहिले आहे. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे भारताने नेला, आणि त्या देशाशी व्यापारही त्याच वर्षी थांबविला. सर्व प्रकारच्या वंशभेदाचे निर्मूलन करण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ मध्ये संमत झाला. भारताने तो १९६८ मध्ये स्वीकारला. त्याच्या सातव्या अनुच्छेदान्वये वंशभेदास कारण होणाऱ्या पूर्वग्रहांचा मुकाबला शिक्षणाच्या द्वारे करण्याची जबाबदारी प्रत्येक राष्ट्रावर येते. करारातील वंशभेदाच्या व्याख्येत ‘कुळ’ या अर्थाचा शब्द भारताच्या सूचनेवरूनच आला. आणि २००२ मध्ये करारावर देखरेख करणाऱ्या समितीने त्या शब्दात जातीचाही समावेश होतो असे म्हटले, तेव्हा ते मान्य नसल्याची भूमिका भारतानेच घेतली. परराष्ट्र खात्याच्या दृष्टीने यात मुत्सद्दीपणा असेल. वर्गातील शिक्षकास मात्र या वादाने एक अवघड आणि म्हणूनच मोलाचा प्रश्न दिला आहे.

कारण मराठी विचारात या प्रश्नाची परंपरा फार जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती निग्रोंची दास्यातून मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण करून. ज्या काळी अमेरिका येथून महिन्यांच्या प्रवासाइतकी दूर होती, त्या काळी पुण्यातील एका माणसास तेथील गुलामाचे आणि येथील शूद्रातिशूद्राचे दुःख एका दृष्टिक्षेपात दिसले. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तरीही ही माणसे जात आणि वंश यांची सरमिसळ करीत होती असे समजणे चूक होईल. फुल्यांच्या मांडणीत आर्य आक्रमणाची कल्पना मध्यवर्ती होती. आंबेडकरांनी मात्र जात ही वांशिक विभागणी नव्हे असे १९३६ मध्ये निःसंदिग्धपणे म्हटले, आणि आर्यवंशाचा सिद्धान्तही पुढे नाकारला. दोघांचे निदान वेगळे. पण दूरच्या अन्यायाच्या आरशात जवळचा अन्याय पाहण्याची रीत दोघांची एकच. आपल्या शाळेने ती रीत उलटी केली आहे. तेथे दूरचा अन्याय जवळचा झाकण्यासाठी सांगितला जातो.

सुरतेला या आरशाची दुसरी बाजूही लाभली आहे. तापीकाठच्या खोलवड गावचे बरेच मुसलमान व्यापारी दक्षिण आफ्रिकेत गेले. त्यांच्या गावाचे नाव जोहान्सबर्गमधील एका इमारतीला मिळाले. त्या खोलवड हाउसमधील तेरा क्रमांकाची खोली वर्णद्वेषविरोधी चळवळीतील कार्यकर्त्यांचे भेटीचे ठिकाण होती; मंडेलांचेही तेथे जाणेयेणे असे. तेथे राहणारे अहमद कथराडा यांचे आईवडील सुरतेजवळच्या लाजपूरचे, म्हणजे सचीनपासून फार दूर नसलेल्या गावाचे. १९६४ मध्ये रिव्होनिया खटल्यात मंडेलांबरोबर त्यांना जन्मठेप झाली, आणि सव्वीस वर्षे ते तुरुंगात राहिले. डॉ. युसूफ दादू यांचे घराणेही खोलवडचेच. १९४७ मध्ये त्यांनी आणि डॉ. नायकर यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे डॉ. झुमा यांच्याशी जो करार केला, त्याने भारतीयांचा लढा आफ्रिकी लोकांच्या लढ्याशी प्रथमच उघडपणे जोडला. ‘प्रथमच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गांधीजींचा आफ्रिकेतील आरंभीचा लढा भारतीयांपुरता होता, आणि त्या काळातील त्यांच्या लिखाणात मूळ रहिवाशांविषयी हीन शब्द आढळतात. पुढे त्यांची दृष्टी विस्तारली. नागरिकशास्त्राच्या शिक्षकाने हे लपवू नये. समतेची दृष्टी माणसाला जन्मतः मिळत नाही, ती कमवावी लागते, हे मुलांना एरवी इतक्या स्पष्टपणे दिसावयाचे नाही.

यावर शिक्षकांकडून येणारा आक्षेप ठाऊक आहे. अभ्यासक्रम मोठा, तासिका थोड्या. शिवाय सिद्दी, सुरतेची लूट हे विषय नाजूक. त्यातून वर्गात वाद झाला तर पालकांना तोंड कोणी द्यावयाचे? पहिल्या अडचणीस उत्तर सोपे आहे : नवा पाठ नको, असलेल्याच पाठाला दोन वाक्यांची जोड पुरे. दुसरी अडचण खरी आहे. परंतु न बोलण्याची किंमतही आपण पाहिली आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका तरुण विद्यार्थ्याचा केसांवरून झालेल्या चेष्टेतून मारहाणीत मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने कायद्यातील बदलांबरोबर ईशान्येचा इतिहास शालेय अभ्यासक्रमात आणावा, असेही सुचविले. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले, तेव्हा आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी एकत्रितपणे त्यांस वंशद्वेषी म्हटले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जमावाकडून होणाऱ्या खुनाच्या कलमात ‘वंश’ हे एक कारण म्हणून नमूद आहे. शाळेने टाळलेला शब्द असा फौजदारी कायद्यात येऊन बसला.

जोडीचे वाक्य कसे असावे याचा एक नमुना देतो, तो सातवी-आठवीच्या वर्गात सहज वापरता येईल. सिद्दींविषयी दोन गोष्टी सांगून झाल्यावर शिक्षकाने अनुसूचित जमातींच्या याद्या फळ्यावर लिहाव्यात. गुजरातच्या यादीत सिद्दींचे नाव आहे, पण अमरेली, भावनगर, जामनगर, जुनागढ, राजकोट आणि सुरेंद्रनगर या जिल्ह्यांपुरते. गीरमधील जांबूरच्या हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या गावचा सिद्दी यादीत आहे. भडोच जिल्ह्यात रतनपूरला बाबा गोर यांच्या दर्ग्याभोवती राहणारा सिद्दी नाही, आणि सुरतेतलाही नाही. कर्नाटकात उत्तर कन्नडचे सिद्दी २००३ मध्ये यादीत आले. कोकणीच्या अंगाने जाणारी, मराठीचे संस्कार झालेली त्यांची बोली आपल्या भाषाभ्यासकांनी मुद्दाम ऐकण्याजोगी आहे. बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना २०२० पर्यंत थांबावे लागले. गोव्याच्या यादीत ते आहेत. महाराष्ट्राच्या यादीत, जेथे जंजिरा आहे तेथे, त्यांचे नाव नाही.

मग मुलांना विचारावे : एकाच वंशाची माणसे एका जिल्ह्यात यादीत आणि शेजारच्या जिल्ह्यात बाहेर, हे पंधराव्या अनुच्छेदाशी जुळते काय? काही मुले लगेच अन्याय म्हणतील. तेव्हा सांगावे, की यादी वंशावरून होतच नाही. १९६५ च्या लोकूर समितीने जमाती ओळखण्यासाठी ज्या कसोट्या धरल्या त्यांत आदिम चालीरीती, वेगळी संस्कृती, एकाकी वस्ती, बाहेरच्यांशी मिसळण्यातील संकोच आणि मागासलेपण या होत्या; रंग नव्हता. गीरच्या जंगलातील सिद्दी त्यांत बसला, सचीनच्या नवाबाचे घराणे बसणे शक्यच नव्हते. मग एखादा मुलगा विचारील, की सुरतेच्या गिरणीत काम करणाऱ्या सिद्दीने काय करावे. तो ना जंगलात, ना राजवाड्यात, आणि रस्त्यावर त्याला लोक विचारतात, तू कोणत्या देशाचा? या प्रश्नाचे तयार उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. तास संपण्याची घंटा होईपर्यंत वर्गाला त्यावर बोलू द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला जंजिऱ्याचा नकाशा काढावा.